लांबचं रडणं

एकतीस ऑक्टोबरच्या सकाळी ओब्दुलिया बाजारात भोपळा घ्यायला गेली आणि भोपळेवालीशी एक शब्दही न भांडता तो घेऊन आली. तिच्या नणंदेला, हिलारियाला, खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. कारण ओब्दुलिया बाजारात शिरली की विकणाऱ्या बाया आपला माल झाकायला लागायच्या. टोमॅटो हुंगून परत ठेवणार, सुकी मिरची मोडून जिभेला लावणार, आणि वर चारचौघांत विचारणार, "ही मागच्या वर्षीची आहे ना गं? कुणाला बनवतेस?" त्या दिवशी मात्र तिने समोर आला तो भोपळा उचलला, गूळ घेतला, दालचिनी घेतली, आणि खाली मान घालून घरी आली.

सान लुकासमध्ये तिच्या नाकाची आणि जिभेची कीर्ती होती. आसपासच्या पाच-सहा गावांत लग्न निघालं की मोलेचा रस्सा तिच्याच हातचा. अठ्ठावीस जिन्नस पाट्यावर वाटायची, आणि कुठली मिरची जरा जास्त भाजली गेलीय ते नुसत्या वाफेवरून सांगायची. पण गेली सात वर्षं ते नाक दुसऱ्याच कामाला जुंपलं होतं.

सात वर्षांपूर्वी तिची एकुलती एक लेक ब्रिसा कामावरून परत आली नाही. एकोणीस वर्षांची पोर. शहरात फुलं बांधायच्या शेडमध्ये कामाला होती. संध्याकाळच्या वडापच्या जीपमध्ये बसली म्हणतात, नदीच्या वळणावर उतरली म्हणतात, पुढचं कुणी काही म्हणत नाही. बाप एवारिस्तो तीन वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिला आणि एका सकाळी अंथरुणातून उठलाच नाही. ओब्दुलियाने मात्र पायऱ्या सोडल्या आणि सळई हातात घेतली.

त्या भागात लेकरं हरवलेल्या अशा आया खूप. दर गुरुवारी सात-आठ जणी मिळून नदीकाठाने, उसाच्या बांधांनी, ओसाड माळांवरून चालायच्या. जमीन भुसभुशीत दिसली की हातोडीने लोखंडी सळई आत ठोकायची, उपसून काढायची, आणि टोक नाकाशी न्यायचं. मातीचा वास आला तर पुढे चालायचं. दुसरा वास आला तर खणायचं. "ओब्दुलियाबाई, तुम्ही हुंगा," बाकीच्या म्हणायच्या. "तुमचं नाक खोटं बोलत नाही." तीन वेळा त्या नाकाने दुसऱ्यांची लेकरं शोधून दिली. ब्रिसा काही सापडली नाही. दर वेळी टोक नाकाशी नेताना ओब्दुलिया मनात म्हणायची, देवा, वास नको येऊ दे. आणि मातीचाच वास आला की तिथेच मटकन बसून रडायची, कारण आता पुन्हा पुढच्या गुरुवारपर्यंत वाट बघणं आलं.

घरात दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मृतांसाठी मांडणी व्हायची, सगळ्यांच्या घरी होते तशी. पायऱ्या-पायऱ्यांची वेदी, पांढरं कापड, मेणबत्त्या, पाणी, धूप, पाव, आणि फाटकापासून आतपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट, म्हणजे गेलेली माणसं घरी येताना चुकायला नकोत. एवारिस्तोचा फोटो मधे. सासू-सासऱ्यांचे बाजूला. ब्रिसाचा फोटो नव्हता. तो बाहेर फाटकाला लावलेला होता, 'हरवली आहे' असं लिहून, वर प्लास्टिक ताणून.

"वहिनी, अगं तो फोटो आत घे," हिलारिया दरवर्षी सांगायची. लग्न न केलेली, भावाच्या पश्चात शेजारच्याच खोलीत राहणारी, बोलायला फटकळ पण जीव लावणारी बाई. "बिचारी दारापर्यंत येत असेल. आत बघते तर सगळ्यांचे फोटो, हिचा नाही. कुठे बसेल? उपाशी परत जात असेल गं."

"आणि जिवंत असली तर?" ओब्दुलिया म्हणायची. "जिवंत पोरीचा फोटो मेलेल्यांत मांडू? मीच मारली असं होईल की नाही?"

यावर हिलारिया पाव तोडून कॉफीत बुडवायची.

त्या वर्षी मात्र ओब्दुलियाचा धीर सुटला होता. जिवंत म्हणा, मेली म्हणा, पण काहीतरी एक म्हणा, असं तिला झालं होतं. आणि विचार करता करता तिला आपल्या जिभेची आठवण झाली.

गेलेली माणसं जेवतात म्हणजे काही घास तोडत नाहीत. ती चव नेतात, वास नेतात. नंतर ताट उचलून तोंडात घातलं की नुसता चोथा. पुष्कळ लोक हे म्हणायचं म्हणून म्हणतात. ओब्दुलियाला ते ठाऊक होतं. चार वर्षं तिने दोन नोव्हेंबरच्या दुपारी एवारिस्तोच्या ताटातला मोले चाखला होता, आणि चारही वर्षं त्याला चव नव्हती. तिने स्वतः वाटलेला, स्वतः तिखट केलेला रस्सा, आणि जिभेवर गरम मातीचं पाणी. पातेल्यातला उरलेला मात्र झणझणीत. एवारिस्तो येतो, याबद्दल तिच्या मनात तिळभर शंका नव्हती.

मग ब्रिसासाठीही तसंच करायचं. फोटो नाही लावायचा, नाव नाही घ्यायचं, नुसती तिच्या आवडीची वाटी ठेवायची. चव गेली तर मेली. चव राहिली तर जिवंत. सोपा हिशोब.

ब्रिसाच्या आवडीचं म्हणजे गुळात शिजवलेला भोपळा. दालचिनी, संत्र्याची साल, आणि वर चिमूटभर मीठ. हे मीठ तिचंच खूळ. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत तर पोरगी दुसरं काही खायचीच नाही. मोलेच्या पातेल्यावरचं झाकण काढलं की तोंड दाबून अंगणात पळायची. "आईच्या मोलेला नाकं मुरडते, कोण समजते स्वतःला," म्हणून ओब्दुलियाने तिला किती टोमणे मारले होते. आता ते आठवलं की तिला स्वतःची जीभ चावावीशी वाटे.

एक तारखेला सकाळी तिला देवळातल्या गावजेवणाचा मोले वाटायला जायचं होतं. म्हणून तिने भोपळा एकतीसलाच शिजवला आणि निळ्या वाटीत काढून मांडणीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, कोपऱ्यात ठेवला. एक दिवस आधी ठेवला तर काय बिघडतं, असं तिला वाटलं. चूक झाली ती इथे. आणि मी म्हणते, दुसऱ्या कुठल्या मुलखात ही चूक म्हणून कुणाच्या लक्षातही आली नसती.

त्याच दुपारी बारा वाजले. देवळाच्या घंटा वाजू लागल्या. तिचा म्हातारा कुत्रा कानेलो उंबऱ्यापाशी झोपला होता, तो उठून उभा राहिला. भुंकला नाही. शेपटी हलवत पाकळ्यांच्या वाटेकडे बघत राहिला, आणि मग त्याची मान हळूहळू वळत गेली. फाटकापासून दारापर्यंत, दारापासून आत मांडणीपर्यंत. माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी वर नाही. खाली, ओब्दुलियाच्या गुडघ्याच्या उंचीला. मांडणीपुढे जाऊन तो उताणा झाला आणि पोट दाखवून पडला.

"काय रे थेरड्या, लाज आहे का?" ओब्दुलिया हसून म्हणाली. हे चाळे तो फक्त गल्लीतल्या पोरांबरोबर करायचा.

त्या दिवशी उजेड होता, वारा होता, घरभर झेंडूचा आणि धुपाचा वास होता. भीती वाटावी असं काही नव्हतं. फक्त संध्याकाळी दिवे लावताना तिला दोनदा वाटलं की आपला झगा मागून कुठेतरी अडकलाय. दोन्ही वेळा तिने हात मागे नेऊन सोडवला. अडकलेलं काही नव्हतं.

त्याच संध्याकाळी हिलारिया नदीवरून धुणं घेऊन आली ती तणतणत. "आज पुन्हा ऐकलं बायांनी. भर दुपारी! त्या रडणारीला दिवस-रात्र राहिली नाही बघ. पिळायचं सोडून पळाल्या सगळ्या."

"जवळ होतं का लांब?"

"जवळ. अगदी कानाशी, म्हणे. म्हणूनच तर वाचल्या."

नदीवरची रडणारी बाई त्या गावात सगळ्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेली. पोटची लेकरं पाण्यात घातली आणि आता जन्मोजन्मी शोधत फिरते, ती. तिचं रडणं कानाशी आलं तर समजावं की ती लांब आहे. लांबून, पुसट आलं तर पाठीशीच उभी आहे. का ते कुणी विचारत नाही. लहानपणी ओब्दुलियाला याची फार भीती वाटायची. आता तिला त्या बाईचं काही वाटत नसे. उलट नदीकाठाने सळई घेऊन हिंडताना तिला पाहून गल्लीतली पोरंच 'आली, आली रडणारी' म्हणून पळायची, आणि तीही त्यांना काही बोलायची नाही.

एक तारखेला ती देवळातून परतली तेव्हा साडेबारा झाले होते. घंटा वाजून गेल्या होत्या. गेलेली मोठी माणसं आता यायला लागतील, एवारिस्तो येईल, म्हणून तिने गरम मोले वाढला. कालचा भोपळा उष्म्याने आंबला असेल, नवी वाटी ठेवू, असं मनात आणून तिने निळी वाटी उचलली. खरकटं कानेलोपुढे ओतायचं, म्हणून बोटाने वाटी निपटली, आणि सवयीने बोट तोंडात घातलं.

काही नाही. गूळ नाही, दालचिनी नाही. ओला कापूस चघळावा तसं.

तिने पुन्हा बोट घातलं. मग भोपळ्याची अख्खी फोड तोंडात टाकली आणि ती चावत चावत जमिनीवर बसली.

हिलारिया आली तेव्हा ती तशीच होती. गालावरून पाणी वाहत होतं, तोंडात घास होता.

"आली होती," ओब्दुलिया म्हणाली. "हिलारिया, आली होती गं ती. गेली माझी पोर… सात वर्षं मी तिला दाराबाहेर टांगून ठेवली."

हिलारियाने तिला पोटाशी धरलं. दोघी खूप रडल्या. सात वर्षांत ओब्दुलिया अशी मोकळी होऊन रडली नव्हती. रडणं ओसरल्यावर ती उठली, फाटकाकडे गेली आणि फोटोची तार सोडवायला लागली. आता तरी पोरीला जागा द्यायची होती.

"वहिनी," मागून हिलारिया म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "ही वाटी ठेवली कधी होतीस?"

"काल सकाळी."

"काल? आणि उचललीस कधी?"

"आत्ताच. आल्या आल्या."

हिलारिया जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "कालच्या बारापासून आजच्या बारापर्यंत लेकरं येतात, वहिनी. मोठ्यांना आत्ता कुठे वाट उघडलीय. ब्रिसा एकोणीसची होती. ती काल कशी येईल?"

ओब्दुलियाचे हात तारेवरच थांबले.

हे तिला काय ठाऊक नव्हतं? सगळ्या गावाला ठाऊक असतं. एकतीसच्या बाराला मुलांसाठी घंटा होतात, एक तारखेच्या बाराला ती जातात आणि मोठी येतात, दोन तारखेच्या बाराला मोठी जातात. ज्यांच्या घरचं मूल गेलंय ते एकतीसला खेळणी मांडतात, दूध मांडतात, बिनतिखटाचं मांडतात. ओब्दुलियाने कधी मांडलं नव्हतं. तिला ब्रिसाशिवाय मूल झालं नव्हतं, आणि झालेलं लहानपणी गेलंही नव्हतं.

"मग आपल्या घरात कुठलं पोर आलं?" हिलारिया म्हणाली.

"बेवारशी असेल कुणी. ज्यांचं कुणी नाही अशातलं."

"त्यांच्यासाठी फाटकाबाहेर ताटली ठेवतोच ना आपण."

ओब्दुलिया बाहेर गेली. फाटकाशी दगडावर ठेवलेल्या ताटलीतला पाव तिने मोडला, दूध चाखलं. पाव बडीशेपेचा, दूध साखरेचं. कशालाच कुणी शिवलं नव्हतं. जे कोण आलं होतं ते बाहेरची ताटली ओलांडून, पाकळ्यांवरून चालत, सरळ आत आलं होतं. घरचं असल्यासारखं.

तिने फोटो काढला नाही. आत जाऊन निळी वाटी घासली, नवा भोपळा भरला, वर चिमूटभर मीठ टाकलं आणि वाटी परत जागेवर ठेवली. "उद्या बाराला बघू," एवढंच ती म्हणाली.

त्या रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. दोघी खुर्च्या टाकून बसून राहिल्या, मेणबत्त्या बदलत राहिल्या. कानेलो कधी चुलीमागे शिरला ते त्यांना कळलं नाही.

दोन तारखेला सगळा गाव स्मशानात थडगी सजवायला गेला होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बाराच्या घंटा झाल्या, मृतांना निरोप झाला. ओब्दुलियाने आधी एवारिस्तोचा मोले चाखला. माती. येऊन गेला होता. मग निळी वाटी घेतली. चमचाभर भोपळा तोंडात टाकला.

गोड. जिभेच्या टोकापासून घशापर्यंत गोड, मागून दालचिनी, त्याच्या मागून ते वेडं मीठ.

तिने चमचा हिलारियाच्या तोंडात घातला. हिलारियाने डोळे मिटले, उघडले, आणि किंकाळीच फोडली. "जिवंत आहे! वहिनी, जिवंत आहे गं! मेली असती तर आली नसती का? जिवंत आहे माझी सोन्या!" तिने छातीवर क्रूस काढला, ओब्दुलियाचे मुके घेतले, एवारिस्तोच्या फोटोचा मुका घेतला. "ऐकलंस का रे दादा? तुझी लेक आहे!"

ओब्दुलिया वाटीकडे बघत होती.

"अशी काय बसलीस? हस की जरा!"

"मग परवा आलेलं ते पोर कुणाचं?" ओब्दुलिया म्हणाली.

हिलारियाचं हसू तोंडावरच राहिलं.

"शेवटचे दोन-तीन महिने तिला मोलेच्या वासाने ओकारी यायची," ओब्दुलिया हळूहळू बोलत होती, एकेक खडा निवडावा तशी. "नुसता भोपळा खायची. झगा सैल घालायची. आणि मी… माझं हे नाक, हिलारिया. मिरची कुठल्या शेतातली ते सांगणारं. पोटच्या पोरीचं मला कळलं नाही."

"अगं, पण तिने सांगितलं असतं की. तुला नाही तर मला."

"नाही सांगणार." ओब्दुलियाने वाटी मांडीवर ठेवली. "तुला आठवतं, गल्लीतल्या त्या सेनोबियाच्या मुलीचं? बिनलग्नाची दिवस गेलेली, घराबाहेर काढलेली? मी आणि ब्रिसा भोपळाच चिरत होतो. ब्रिसा म्हणाली, आई, बिचारीला घरात घ्यायला हवं होतं. मी काय म्हणाले माहितीय? म्हणाले, माझी असती तर पोटातल्यासकट नदीत ढकलली असती." ती थांबली. "आठच दिवसांनी ब्रिसा नदीच्या वळणावर उतरली. हे मी कुणाला सांगितलं नाही. एवारिस्तोलाही नाही."

हिलारियाने तोंडावर हात ठेवला.

आणि तेव्हा ते आलं. आधी हिलारियालाच ऐकू आलं असावं, कारण तिची मान दाराकडे वळली. नदीच्या बाजूने, पार उसाच्या पलीकडून आल्यासारखं रडणं. भर दुपारच्या उन्हात. इतकं पुसट की पाखरू म्हणून सोडून देता आलं असतं. चुलीमागे कानेलोने बारीक सूर काढला.

"लांब आहे," हिलारिया कुजबुजली. "वहिनी… फार लांब आहे." आणि लांबचा अर्थ काय ते दोघींना ठाऊक होतं.

ओब्दुलिया उठून उभी राहिली. तिला भीती वाटत होती का, तर वाटत होती. पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ती रडणारी कुणाच्याच मांडणीवर नसते. तिचा फोटो कुणी लावत नाही, तिच्यासाठी घंटा होत नाही. मेलेल्यांबरोबर तिला आत येता येत नाही, जिवंतांकडे परतता येत नाही. ब्रिसा तीच झाली असेल, तर वाटीची चव नेणार तरी कशी?

"दार लाव," हिलारिया रडवेली झाली होती. "तुझ्या पाया पडते, दार लाव."

"सात वर्षं त्या दाराला कडी लावली नाही मी. आज लावू?"

वाटी हातात घेऊन ती पाकळ्यांच्या वाटेवरून फाटकाकडे निघाली. तिच्या एकेका पावलाबरोबर रडणं आणखी लांब जात होतं. अंगणाच्या मध्यावर पोचली तेव्हा ते डोंगरापलीकडे गेल्यासारखं वाटलं. फाटकाशी श्वास रोखल्याशिवाय ऐकू येईना. गल्ली रिकामी होती, ऊन पडलं होतं, फोटोतली ब्रिसा प्लास्टिकमागून हसत होती. मग तेवढंही ऐकू येईना.

"ब्रिसा," ओब्दुलिया म्हणाली. "आत ये बाळा. मी नाही रागावणार. तुझं लेकरू आलं होतं गं. पोटभर जेवलं, कानेलोशी खेळलं…" आणि तिला वाटलं की सगळं सांगितलंच पाहिजे. "काल बाराला गेलं."

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय सांगितलं ते. पोरांचा दिवस काल संपला होता. पुढल्या वर्षी लेकरू पुन्हा एक दिवस आधी येणार, आणि हिला आत यायला दिवसच नाही. शोधणारी आणि ज्याला शोधायचं ते, दोघं याच उंबऱ्यावरून जाणार आणि कधी भेटणार नाहीत.

तिच्या अंगावरून गार काहीतरी गेलं, घराच्या दिशेने. एवढंच. ती वळली तेव्हा पाकळ्या एका ओळीने ओल्या झाल्या होत्या आणि दारात हिलारिया पालथी पडली होती, शुद्ध हरपून.

त्या दिवसापासून नदीवर कुणाला रडणं ऐकू आलेलं नाही. बाया पुन्हा दुपारी धुणं धुवायला बसतात, पोरं पाण्यात डुंबतात. गेली बया कुठेतरी लांब, असं लोक म्हणतात. हिलारिया आपल्या खोलीतून या घरात पाऊल टाकत नाही, भावजयीचं जेवण फाटकातूनच देते. कानेलो अंगणात झोपतो.

ओब्दुलिया आता गुरुवारी सळई घेऊन जात नाही. ब्रिसाचा फोटो तिने फाटकावरून काढला, पण मांडणीवरही लावला नाही. तो कपाटात पालथा आहे. वर्षभर ती मांडणीपुढची थोडी जागा सोडून चालते. तिथली फरशी ती सकाळी कोरडी पुसते, आणि दुपारच्या घंटा झाल्या की तिथे पुन्हा ओल आलेली असते. आधी वाटलं, जमिनीतून झिरपत असेल. मग एकदा तिने बोट टेकवून नाकाशी नेलं. नदीचं पाणी होतं.